चंद्राकडे पाठ करून

पौर्णिमेचा चंद्र बघायला लोक गच्चीवर जातात, टेकडीवर जातात, चौपाटीवर जातात आणि माना वर करून बघत राहतात. मला विचाराल तर वर बघण्यासारखं त्या रात्री फार थोडं असतं. चतुर्थीची कोर किंवा अष्टमीचा अर्धा चंद्र त्याहून कितीतरी देखणा. त्याच्यावर ऊन तिरपं पडतं, साध्या द्विनेत्रीतूनही विवरांचे काठ आणि डोंगरांच्या लांब सावल्या उठून दिसतात. पौर्णिमेला ऊन आपल्या पाठीमागून, थेट समोरून चंद्रावर पडतं. तिथल्या प्रत्येक दगडाची सावली त्याच दगडाच्या मागे जाते आणि उरते एक सपाट, झगझगीत चकती. हौशी खगोलवाले म्हणूनच पौर्णिमेला दुर्बीण पेटीतच ठेवतात.

पण तिथे लपलेल्या त्या सावल्यांचा फायदा इथे मिळतो. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देत असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो जेमतेम दहावा हिस्सा देतो. म्हणजे चतुर्दशी-पौर्णिमेला जो उजेड अंगणात सांडतो तो एकदम, भसकन वाढलेला असतो. बघायचा तो हा उजेड. त्यासाठी चंद्राकडे पाठ करून उभं राहावं आणि जमिनीकडे, भिंतीकडे, आपल्या सावलीकडे बघावं.

गंमत म्हणजे हा उजेड येतो तो काळ्या दगडावरून. चंद्रावर पडणाऱ्या उन्हातलं सुमारे बारा टक्केच तो परत पाठवतो. जुन्या, झिजलेल्या डांबरी रस्त्याचा रंग साधारण तेवढाच. मागे आकाश काळंकुट्ट म्हणून तो पांढरा दिसतो, एवढंच. त्यातही ज्या डागांत कुणाला ससा दिसतो, कुणाला हरीण, ते तर बेसॉल्टचे आहेत. लाव्हा पसरला, थिजला, त्याची मैदानं झाली. सह्याद्री ज्याचा झालाय तीच दगडाची जात. १९६९च्या जुलैमध्ये अपोलो ११ तिथून साडेएकवीस किलो दगडमाती घेऊन आलं, त्यातही हा खडक होता. आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, तिकडचा तीनशे कोटींहून जुना. लोणारचं विवरही अशाच खडकात उल्का आदळून झालंय, म्हणून चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारे तिथली माती तपासायला येतात.

आमचं गाव संगमनेरच्या बाजूला. विहीर खोल करताना मुरूम संपून काळा पाषाण लागला की आण्णांचा चेहरा उतरायचा. आता सुरुंग आला, क्रेन आली, खर्च आला. वर दिसतो तो ससा याच दगडाचा आहे, हे मी एकदा त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "मग तिथं पण पाणी लागायचं नाही." चांद्रयान १ने २००९ साली चंद्रावर पाण्याचा माग लावून दिला होता, पण ते काही मी सांगत बसले नाही. किती फुटांवर लागलं, असं त्यांनी लगेच विचारलं असतं.

आणि शीतल चांदणं? पौर्णिमेला आपल्याला चंद्राची जी बाजू दिसते तिच्या मध्यावर त्या वेळी भर दुपार असते आणि तिथला दगड एकशे वीस अंशांच्या आसपास तापलेला असतो. चांद्रयान ३ २३ ऑगस्ट २०२३ला उतरलं, नारळी पौर्णिमेच्या बरोबर आठवडाभर आधी, तेही विषुववृत्तापासून पार लांब, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला. तिथेसुद्धा पृष्ठभागाचं तापमान पन्नास अंशांवर भरलं, आणि जेमतेम आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. कोजागिरीला आपल्याला गारवा लागतो त्याचं श्रेय चंद्राला फुकटचं मिळतं. पाऊस माघारी गेलेला असतो, हवेतली धूळ धुऊन निघालेली असते, ढगांचं पांघरूण नसल्यामुळे जमिनीतली उष्णता सरळ वर निघून जाते. तरीही "चांदण्यात गार वाटतं" हे मी खोटं म्हणणार नाही. ते डोळ्यांना गार वाटतं.

डोळ्यांचीच तर सगळी करामत आहे. चांदण्यात उजेड असतो पण रंग नसतात. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना एवढा उजेड पुरत नाही, त्या हात टेकतात आणि काम दंडपेशींकडे जातं. दंडपेशींना काळं-पांढरं कळतं, लाल तर जवळपास कळतच नाही. आमच्या अंगणात वाळत घातलेली मिरची उचलायची कधी राहून गेली तर चांदण्यात ती चक्क काळी दिसायची, आणि तिच्याशेजारचं तगरीचं झाड, दिवसा ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, ते पांढऱ्या फुलांनी उठून दिसायचं. रात्रीपुरती सगळी उतरंड उलटी. चांदणं निळसर वाटतं तोही डोळ्यांचाच खेळ. उपकरणाने मोजलं तर ते उन्हापेक्षा किंचित पिवळट-तांबूसच भरतं.

दुसरी एक गोष्ट करून बघा. चांदण्यात एखाद्या अंधूक वस्तूकडे टक लावून पाहिलं की ती विरून जाते. नजर जरा बाजूला घेतली की परत दिसते. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच, म्हणून असं होतं. चांदण्यातली वस्तू कायम नजरेच्या कडेला राहते. नेमकी धरायला जावं तर हाती लागत नाही. पौर्णिमेला जी हुरहूर लागते म्हणतात, तिचं निम्मं कारण मला इथे सापडतं. ओळखीचं अंगण, ओळखीचा गोठा, ओळखीची बाभळ. सगळं दिसतंय, पण पुरतं दिसत नाही. जे दिसत नाही ते मन आपल्या पदरचं भरतं. आणि मनाच्या पदरी रात्री काय काय असतं ते सांगायला नको.

शेतीच्या मोटरीला लाइट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री, असा आमच्याकडे खाक्या होता. रात्रपाळीचा आठवडा आला की आण्णा दहा-अकराला बॅटरी, फावडं आणि काठी घेऊन निघायचे. पौष महिना, उन्हाळ कांदा नुकताच लावलेला, त्याला पाणी चुकवून चालत नाही. वाफा भरला की दारं मोडायचं, पुढच्या वाफ्याचं उघडायचं. गारठ्यात पोटऱ्यांपर्यंत चिखल. शेजारी उसाचं रान, आणि आमच्या भागात उसाचं रान म्हणजे बिबट्या. एका रात्री आईने चहाची किटली देऊन मला पाठवलं. मी तेव्हा दहावीत असेन. घर रानातच, अंतर हाकेचं. पौर्णिमा होती की चतुर्दशी ते आठवत नाही, पण बॅटरी लावावी लागली नव्हती. बांधावरचं गवत, दवाने भिजलेलं, पांढरं फटक. पाटातून पाणी चाललेलं, त्यात चंद्राचे तुकडे, एक जोडतोय तोवर दुसरा फुटतोय.

मग मला आण्णा दिसले. म्हणजे आण्णा नाही, टोपी दिसली. टोपी आणि बंडी. पौषातला चंद्र मध्यरात्री डोक्यावर येतो, त्यामुळे टोपीखाली सगळी सावलीच. चेहरा नाही, हात नाहीत, पाय पाण्यात. पांढरे कपडे तेवढे वाफ्याच्या मध्यभागी उभे. मी जागीच थांबले. माझे वडीलच आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तरी पाऊल उचलेना. तेवढ्यात टोपी खोकली.

"थांबली कशाला? ये की."

चहा पिताना ते काही बोलले नाहीत, मीही नाही. बशी तोंडाला लावली तेव्हा हनुवटीवर उजेड पडला आणि मग कुठे तो चेहरा झाला. पुढे कॉलेजात चांदण्यावरच्या कविता शिकवल्या गेल्या. प्रियकर, चकोर, विरह, सगळं यथासांग. परीक्षेत मी त्यावर चांगले मार्कही मिळवले. पण चांदणं म्हटलं की मला आजही आधी ती टोपी दिसते.

या अनुभवामुळे असेल, पण चांदण्याकडे मी आधी एक कामाचा उजेड म्हणूनच बघते. दिवे यायच्या आधी सगळ्यांना ते तसंच असणार. आपल्या जत्रा आठवा. चैत्र पौर्णिमेला जोतिबा, पौष पौर्णिमेला मांढरदेवीची काळूबाई, माघ पौर्णिमेला जेजुरी. प्रत्येकीची धार्मिक कारणं वेगळी, कथा वेगळ्या, त्यात मी पडत नाही. पण बैलगाडीने रात्रीचा प्रवास करायचा तर तिथी कुठली धराल? सूर्य मावळताना उगवून सूर्य उगवेपर्यंत सोबत करणारा चंद्र फक्त पौर्णिमेला मिळतो. बाकीच्या रात्री तो येतो तरी उशिरा नाहीतर जातो तरी लवकर. पौर्णिमेनंतर रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर, आठवड्याभरात उगवायलाच मध्यरात्र. ऊसतोडीच्या टोळ्या पहाटेच्या अंधारात फडात उतरतात, त्यांच्या बायकांना विचारा उजेडी रात्र म्हणजे काय. आणि रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका कोजागिरीचीच. गडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी ती कडा उतरून गेली. ज्याने कुणी ती कथा पहिल्यांदा सांगितली त्याला कातळावर पाय ठेवायला उजेड लागतो हे बरोबर माहीत होतं. अवसेच्या रात्री हिरकणीला कुणी उतरवली नसती.

वर्षभर हा चंद्र एका जागीही नसतो, याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. पौर्णिमेला तो सूर्याच्या बरोबर समोर, म्हणून त्याची वाट सूर्याच्या उलटी. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर तापतो तेव्हा ज्येष्ठातला, वटपौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडे झुकून रात्रभर खालून खालून जातो. ढग नसले तर दक्षिणेच्या खिडकीतून थेट अंथरुणावर येतो. मार्गशीर्षात, दत्तजयंतीला, सूर्य खाली गेलेला आणि चंद्र माथ्यावर. म्हणून तर थंडीतलं चांदणं अंगणात, विहिरीत, उसाच्या सरीत सरळ उतरतं. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला वनखातं जंगलातल्या पाणवठ्यांशेजारी मचाणं बांधून रात्रभर प्राणी मोजतं. उन्हाळ्यात पाणी थोड्याच ठिकाणी उरतं आणि येणारा गवा आहे की सांबर ते चांदण्यात कळतं, असा साधा हिशेब.

हिशेबावरून सासर आठवलं. दापोली तालुक्यातलं, समुद्र घरातून ऐकू येतो असं. लग्न होऊन गेले तेव्हा सासरे पंचांगातली तिथी बघून भरतीची वेळ सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा पाऊण सव्वाअकरा. पाणी सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला पूर्ण भरणार, दिवसा आणि रात्रीही. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. पौर्णिमा-अवसेला उधाण. मला देशावरच्या बाईला हे जादूसारखं वाटलं. आमच्याकडे चंद्र पाण्यात नुसता दिसायचा, इथे तो पाणी हलवत होता. उधाणाचं सगळ्यात मोठं पाणी खरं तर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं, हेही तिथेच कळलं. आणि जेवढी भरती मोठी तेवढी ओहोटीही लांब जाते. संध्याकाळी पाचसाडेपाचला किनाऱ्याचे खडक पार उघडे पडतात, बाया कोयती घेऊन कालवं काढायला येतात. अंधार पडायच्या आत टोपली भरली पाहिजे म्हणून हात यंत्रासारखे चालतात. चंद्र त्यांच्या पाठीमागे, डोंगरावरून वर येत असतो. कोकणात तो समुद्रातून उगवत नाही, समुद्रात मावळतो. सिनेमावाले हे सोयिस्कर विसरतात.

उगवता चंद्र मोठा दिसतो तेही मनाचंच. क्षितिजावरचा चंद्र आणि माथ्यावरचा चंद्र, दोन्ही अर्ध्या अंशाचे. हात लांब करून करंगळी धरली तर दोन्ही तिच्यामागे सहज झाकले जातात. उलट क्षितिजावर असताना तो आपल्यापासून काही हजार किलोमीटर जास्त लांब असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याला मन नाही, म्हणून तो खरं सांगतो. कोजागिरीच्या रात्री प्रत्येक ग्रुपवर काळ्या चौकोनातला एक पांढरा ठिपका येतो आणि खाली "वाह!".

माणसं पौर्णिमेला वेडी होतात, भांडणं वाढतात, बाळंतपणं जास्त होतात, हे सगळीकडे ऐकू येतं. आकडे तपासणाऱ्यांना त्यात ठोस काही सापडलेलं नाही. झोपेचं मात्र खरं निघालं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्जेंटिनातल्या तोबा-कोम लोकांच्या मनगटांना यंत्रं बांधून झोप मोजली. काही वस्त्यांत वीज होती, काहींत नव्हती. पौर्णिमेच्या आधीच्या तीन-चार रात्री लोक उशिरा झोपतात आणि कमी झोपतात, असं दिसलं. पौर्णिमेच्या आधीच्या, कारण दिवस मावळल्यावर लगेच उपयोगी पडणारा उजेड त्याच रात्रींचा. वीज नसलेल्या वस्तीत हे जास्त ठळक होतं. पण अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातले कॉलेजचे विद्यार्थीही त्याच लयीत सापडले, आणि त्यांना तर चांदणं दिसतही नसणार. हे वाचलं तेव्हा मी जरा गप्प झाले. आपल्याला वाटतं आपण त्याला सोडलं.

सोडलंय म्हणजे किती? उजेड लक्समध्ये मोजतात. पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर पाव लक्ससुद्धा भरत नाही बहुतेकदा. रस्त्यावरचा दिवा पाच-दहा-वीस लक्स टाकतो. पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे निदान आपला वेगळा रंग घेऊन असायचे; हे नवे पांढरे एलईडी रंगही त्याचाच चोरतात. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला दूध आटवलं जातं, थोरल्या मुलांना ओवाळलं जातं, आणि चार कोपऱ्यांत चार फ्लडलाइट लावले जातात. चंद्र बघायला. एका वर्षी मी म्हटलं, अर्धा तास दिवे बंद करू या. वादळ झालं. दूध सांडेल, मुलं पडतील, सीसीटीव्हीत काही दिसणार नाही. वरच्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, "वहिनी, मग अंधारात बसायचं का?" शेवटी कुणीतरी वैतागून बटणं बंद केली.

पहिली पाच मिनिटं खरंच कुणाला काही दिसेना. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मध्ये कुणी मोबाइल उघडला की त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कुरकुर चालूच होती. मग पाण्याच्या टाकीची कड दिसायला लागली, वाळत घातलेल्या साड्या दिसायला लागल्या, सगळ्या एकाच राखाडी रंगाच्या. पहिलीतली एक मुलगी मध्येच किंचाळली. तिला फरशीवर आपली सावली दिसली होती आणि दिवे तर सगळे बंद. तिने वर बघितलं, खाली बघितलं, हात हलवून बघितला. मग बाकीची पोरं आली आणि सावल्यांची मारामारी सुरू झाली. चंद्राने सावली पडते हे त्या गच्चीवरच्या एकाही मुलाला ठाऊक नव्हतं. मोठ्यांपैकीही दोघे-तिघे स्वतःच्या सावलीकडे चोरून बघत होते, मी पाहिलं. पुढच्या वर्षी दिवे पुन्हा लागले, कारण कमिटी बदलली. माझी खटपट चालू आहे. सध्या चारपैकी दोन बंद ठेवण्यावर तडजोड दिसतेय.

गावाकडे आता सौर पंप बसलाय. मोटर दिवसा उन्हावर चालते, रात्रीची पाळी बंद. पौषातल्या पौर्णिमेला मी मुद्दाम फोन केला. नऊ वाजले होते, आण्णा झोपायच्या तयारीत. म्हटलं, बाहेर चांदणं कसं पडलंय? म्हणाले, पडलं असेल. मी विचारलं, आता रानात जाणं नाही, पौर्णिमा कधी येते-जाते कळतही नसेल, कधी चुकल्यासारखं नाही वाटत? फोनवर थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं ते आठवतायत. ते आईला विचारत होते, ही काय म्हणतेय म्हणून. मग म्हणाले, "अगं, रात्रीचं माणसानं पाण्यात उभं राहायचं असतं का?"